समुद्रातील शेजारधर्म



या व्यासपीठावरून गेल्या चार संध्याकाळी आपण विद्वानांची व्याख्याने ऐकलीत. आज आपल्यापुढे उभा आहे तो मनुष्य आठवीच्या पुढे शाळेत गेलेला नाही. माझे आयुष्य कामगारांच्या सभा, पगारवाढीची बोलणी आणि कोर्टाच्या तारखा यांत गेले. पत्रिकेत माझ्या नावासमोर डॉल्फिन हा विषय छापलेला पाहून एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, "काय हो, आता डॉल्फिनची युनियन काढता की काय?" मी म्हणालो, "त्यांची युनियन माणसांच्या कितीतरी आधीची आहे. ते जोडीने, कळपाने राहतात, पिल्लांना मध्ये घेऊन चालतात. आपल्या युनियनला हे अजून नीट जमलेले नाही."

थट्टा बाजूला ठेवतो. हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. सध्या मे महिना आहे. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी कोकणातल्या खोल्या आधीच राखून ठेवल्या असतील. तुम्ही हर्णै-मुरुडला जाल, गुहागरला जाल, तारकर्ली-देवबागला जाल, किंवा थेट गोव्यात सिंकेरीला उतराल. तिथे सकाळी कोणीतरी तुमच्यापुढे येऊन म्हणेल, "चला, डॉल्फिन दाखवतो." तुम्ही मुलाबाळांसह होडीत बसाल. त्या दीड तासात तुमच्या होडीभोवती जे घडते त्याचा अर्थ काय, एवढेच मला सांगायचे आहे.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले होते. संप कसा संपला ते आपणांस ठाऊक आहे. आमचे बिऱ्हाड गावी सिंधुदुर्गात परतले आणि माझी शाळा सुटली ती कायमची. पुढे मी वाचले ते तालुक्याच्या वाचनालयात, आणि शिकलो ते कामगारांच्या सोबतीने. प्रथम ट्रकवाल्यांची, मग बंदरावरच्या हमालांची संघटना बांधली. आठ-दहा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावातले होडीवाले माझ्याकडे आले. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण तिथला प्रश्न त्या एकट्या गावाचा नाही. ते म्हणाले, "काकानू, आमची पण संघटना करून दिया."

हे लोक मुळात मासेमारी करणारे. मोठ्या ट्रॉलरनी आणि पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्यालगतची मासळी ओढून नेल्यावर लहान होडीच्या धन्याला समुद्रात जाऊन इंधनाचाही खर्च सुटेना. तेव्हा त्यांनी होडीला बाकडी ठोकली, वर छत घातले आणि पर्यटक फिरवू लागले. जाळे गेले आणि जाळ्याच्या जागी प्रवासी आले. समुद्र तोच, तांडेलही तोच.

संघटना करायची तर आधी काम पाहिले पाहिजे, असा माझा नियम आहे. म्हणून मी एका पहाटे त्यांच्याबरोबर निघालो. मतलई वारा पडत आला होता, पाणी तेलासारखे स्वस्थ होते. खाडीच्या मुखाशी पोचलो तोच तांडेलाने हात वर केला. पन्नास-साठ हातांवर करड्या रंगाची एक पाठ पाण्यातून वर आली. पाठीवर मध्ये उंचवटा, उंचवट्यावर लहानसा पर. "फूस्" असा आवाज झाला आणि पाठ पुन्हा पाण्यात गेली. तिच्यामागून आणखी एक, आणि दोघांच्या मध्ये एक लहानगे. खरे सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. सारा जन्म समुद्राकाठी काढलेला मनुष्य मी, पण त्याच्याकडे काम म्हणूनच पाहत आलो होतो. त्या दिवशी प्रथम वाटले की इथे आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी घर आहे.

या प्राण्याची ओळख थोडक्यात करून देतो. आमच्याकडे त्याला गादा म्हणतात. पुस्तकातले त्याचे नाव हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन. तो मासा नव्हे. आपल्यासारखा उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. सुमारे अडीच मीटर लांब. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि मग काही वर्षे त्याला सांभाळते. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यांवर तो राहतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १८२९ साली त्याचे प्रथम वर्णन केले ते मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. म्हणजे शास्त्राला तो ठाऊक झाला तोच आपल्या किनाऱ्यावरचा म्हणून. पुढे बराच काळ त्याला पूर्वेकडच्या भाईबंदांत मोजत होते. २०१४ साली शास्त्रज्ञांनी तो वेगळा असल्याचे पुन्हा मान्य केले, आणि वेगळे मोजताच कळून आले की तो संख्येने फार थोडा आहे. जागतिक यादीत आज तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

सिनेमात उंच उड्या मारणारे डॉल्फिन तुम्ही पाहिले असतील. आमचा गादा तसा नाही. तो क्वचितच उडी घेतो. बहुतेक वेळ पाठ दाखवतो आणि जातो. त्याचा संसार उथळ पाण्यातला आहे. साधारण पंचवीस-तीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो सहसा जात नाही. नकाशावर अरबी समुद्र अफाट दिसतो, पण गाद्याच्या वाट्याला त्यातली किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी आलेली आहे. चाळीत राहिलेल्यांना मी चटकन समजावून देऊ शकतो. इमारत केवढीही असो, वावरायला मिळते ती खोलीपुढची गॅलरी. गाद्याच्या या गॅलरीतच आपली जाळी आहेत, आपली बंदरे आहेत, आपली गटारे येऊन मिळतात, आणि आता आपण तिथे होड्या घेऊन त्याला पाहायला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गादा डोळ्यांपेक्षा कानांनी जगतो. गढूळ पाण्यात तो आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे हे ओळखतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. होडीचे यंत्र आपल्याला घरघर वाटते. पाण्याखाली कान असलेल्याला ते दारात वाजणाऱ्या बँडासारखे आहे. एक बँड सहन होईल. सहा दिशांनी सहा बँड वाजू लागले तर आई आपल्या लेकराची हाक कशी ऐकणार?

त्या पहाटे सहाच होड्या होत्या. आमच्या तांडेलाचा हात वर झालेला पाहून इतर पाच जणांनी यंत्रे पिळली आणि दोन मिनिटांत गाद्यांभोवती कडे झाले. प्रवासी टाळ्या वाजवीत होते, शिट्ट्या मारीत होते. एका होडीतला पोऱ्या फळीवर हाताने थापा देत होता. ते तिघे कड्याच्या एका अंगाने वर आले, की होड्या तिकडे वळत. मग ते दुसऱ्या अंगाने वर येत. मोठे दोघे लांब दम धरू शकत होते. लहानग्याला ते साधत नव्हते. ते घाईघाईने वर येऊन श्वास घेई आणि पुन्हा बुडी मारी. शेवटी तिघेही बुडाले ते त्या सकाळी पुन्हा दिसले नाहीत. परत येताना आमच्या होडीतले एक सद्गृहस्थ तांडेलाला म्हणाले, "फोटो काही नीट आला नाही. पैसे कमी घ्या." आणि तांडेलाने खरोखरच कमी घेतले.

का घेतले? कारण किनाऱ्यावर फळी लावलेली होती: 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत.' ही फळी तुम्ही गोव्यात पाहिली असेल, कोकणातही पाहिली असेल. गिऱ्हाइकाला ती फार न्याय्य वाटते. माझ्यासारख्या कामगारांत वावरलेल्या माणसाला मात्र ती पाहताच आपल्या वडिलांचा साचा आठवला. साचेवाल्याला मजुरी मिळे ती कापडावर. सूत कच्चे निघाले, धागा तुटला, साचा बंद पडला, तर दोष कोणाचाही असो, मजुरी साचेवाल्याची बुडे. इथेही तेच. इंधन जळाले आहे, होडीच्या कर्जाचा हप्ता ठरलेला आहे, गिऱ्हाईक आणून देणाऱ्या दलालाने आपला वाटा आधीच कापून घेतला आहे. समुद्र आज काय देईल याची सगळी जोखीम एकट्या तांडेलाच्या डोक्यावर. मग तो गाद्याच्या मागे धावणार नाही तर काय करील? तुम्ही-आम्ही म्हणतो, हे होडीवाले लोभी आहेत, जनावरांचा छळ करतात. बंधूंनो, हा पाठलाग समुद्रात सुरू होत नाही. किनाऱ्यावरच्या त्या फळीवर तो सुरू होतो.

इथपर्यंत माझे निदान बरोबर होते. यापुढे मी चुकलो, आणि ती चूक सांगण्यासाठीच मी मुख्यतः आलो आहे.

गावात पंचवीसेक होड्या होत्या, पण प्रवासी मिळत ते ओळखीपाळखीच्या सात-आठांना. बाकीचे किनाऱ्यावर बसून राहत. मी सभा घेतली आणि माझी नेहमीची मागणी मांडली: काम सर्वांना मिळाले पाहिजे. कोणाचीही मक्तेदारी चालणार नाही. त्यासाठी भांडलो, अर्ज केले, एक दिवस सगळ्यांनी मिळून फेऱ्या बंद ठेवल्या, आणि जिंकलो. गळ्यात हार पडले. पुढल्या हंगामात सकाळी एका वेळी अठरा होड्या खाडीच्या मुखाशी उभ्या राहू लागल्या.

पौषात गावातला एक म्हातारा तांडेल माझ्याकडे आला. हा मनुष्य सभेत कधी बोलत नसे. तो म्हणाला, "काकानू, गादो खाडीच्या तोंडार येणा बंद झालो. आता लांब भायर फिरता." मी म्हणालो, मासळी सरकली असेल. तो म्हणाला, "मासळी हा. बोय उडता सकाळी. गादो नाय." आणि जाता जाता म्हणाला, "तो आमचो नोकर न्हय. तेका वाटला तर येतलो, नायतर नाय."

मी वाचनाकडे वळलो. माझ्या अडाणी इंग्रजीने शब्दकोश घेऊन वाचता वाचता मला एक हकीकत सापडली. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथल्या डॉल्फिनचा अभ्यास शास्त्रज्ञ अनेक वर्षे करीत आहेत. एकेका प्राण्याला त्याच्या परावरून ओळखतात. तिथे प्रवासी नेणारी आधी एकही संस्था नव्हती, मग एक आली, मग दुसरी आली. २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच्या दोन झाल्यावर त्या भागातल्या डॉल्फिनची संख्या सुमारे पंधरा टक्क्यांनी घटलेली होती. शेजारी ज्या भागात प्रवासी जात नसत तिथे अशी घट नव्हती. अठरा नव्हे हो, दोन! आणि तिथल्या सरकारने काय केले? दोन परवान्यांपैकी एक कमी केला.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. आपण म्हणतो, "डॉल्फिनला आता होड्यांची सवय झाली आहे, बघा, पळत नाहीत." शास्त्रज्ञ म्हणतात, असे म्हणताना सावध राहा. जे सहन करू शकत नव्हते ते आधीच निघून गेलेले असतात; मागे उरतात ते सोसणारे. त्यांना पाहून आपण म्हणतो, सगळे ठीक आहे. हे वाचून मी पुस्तक मिटले. संपानंतर गिरण्या काही काळ पुन्हा चालू झाल्या तेव्हा लोक असेच म्हणत असत की, बघा, कामगार कामावर आले, सगळे सुरळीत आहे. जे आले नव्हते त्यांची मोजदाद कोणी केली नाही. आमचे बिऱ्हाड त्या न मोजलेल्यांपैकी होते.

म्हणजे 'काम सर्वांना' हे माझे ब्रीद खोटे होते काय? नव्हते. मी फक्त एक विसरलो होतो. गिरणीत साचे वाढवले तर कापड वाढते. समुद्रात होड्या वाढवल्याने गादे वाढत नाहीत. इथे मालाची निपज आपल्या हातची नाही. जो या धंद्याचा आधार तोच पाहुण्यांना कंटाळून घर सोडील, तर पंचवीसही होड्या वाळूत बसतील.

जगात हा धंदा फार जुना नाही. १९५५ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे एका मासेमाराने डोकीस एक डॉलर घेऊन लोकांना करडे देवमासे दाखवायला नेले; पैसे घेऊन व्हेल दाखवण्याची सुरुवात तिथली मानतात. २००८ साली झालेल्या मोजणीत ११९ देशांत मिळून एक कोटी तीस लाख माणसांनी अशा सफरी केल्या होत्या. ज्या व्हेलना पूर्वी तेलासाठी मारीत, ते जिवंत राहून अधिक माणसांचे पोट भरू लागले. ही गोष्ट लहान नव्हे. १९७९ साली हिंदी महासागर व्हेलचे अभयारण्य ठरला, १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून तो अमलात आला. त्या कामी असल्या पाहणाऱ्यांच्या लोकमताचाही हातभार लागला आहे.

यांतले मला सर्वांत जवळचे वाटलेले गाव म्हणजे न्यूझीलंडमधले कैकौरा. एके काळी तिथे व्हेल मारण्याचा तळ होता. १९८० नंतर रेल्वेतल्या आणि सरकारी खात्यांतल्या नोकऱ्या गेल्या आणि गावातले माओरी लोक बेकार झाले. १९८७ साली काही माओरी कुटुंबांनी आपली राहती घरे गहाण टाकली आणि एक लहानशी हवा भरलेली रबरी बोट घेऊन लोकांना स्पर्म व्हेल दाखवायला सुरुवात केली. आज तो धंदा गावाचा मुख्य आधार आहे आणि तो समाजाच्या मालकीचा आहे. पण ऐका, तिथे १९९२ पासून कायद्याचे नियम आहेत. एका व्हेलच्या तीनशे मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त वाहने नकोत. पन्नास मीटरच्या आत जायचे नाही. पिल्लू बरोबर असेल तर दोनशे मीटर लांब राहायचे. तीनशे मीटरच्या आत आले की गती अगदी मंद. नियम असूनही त्यांचा धंदा बुडाला नाही. मी तर म्हणेन, नियम आहेत म्हणून तो तगला आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे समजू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. डॉल्फिन आणि व्हेल त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्या कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मारणे एवढीच शिकार नव्हे. पाठलाग करणे, हाकून नेणे, हेही तीत आलेले आहे. वाघाच्या मागे जीप घालणाऱ्याला आपण नावे ठेवतो. गाद्याच्या मागे होडी घालायला लावणारा प्रवासी मात्र घरी येऊन फोटो दाखवतो. २०१३ साली भारत सरकारने डॉल्फिनना हौदात कोंडून खेळ करवण्याला मनाई केली, ते योग्यच झाले. पण उघड्या समुद्रात होड्यांचे कडे केले, तर तोही हौदच झाला की नाही?

तेव्हा मी पुन्हा सभा बोलावली. हार घालणाऱ्यांपुढेच उभा राहून म्हणालो, मी तुम्हांला चुकीचे भांडायला लावले. कामगारांच्या पुढाऱ्याला हे वाक्य फार जड जाते. चार रात्री वाद झाला. अखेर ठरले ते असे. फळी उतरवायची आणि तिच्या जागी लिहायचे: 'समुद्रसफर. डॉल्फिन दिसणे न दिसणे समुद्राच्या मर्जीवर.' पैसे सफरीचे, दर्शनाचे नव्हेत. गाद्यांपाशी एका वेळी दोनच होड्या, वीस मिनिटे. लांबूनच यंत्र मंद करायचे. समोरून आडवे जायचे नाही, मधून घुसायचे नाही. बाजूने, त्यांच्या वाटेला समांतर चालायचे. पिल्लू असेल तर लांबूनच परत फिरायचे. आणि मुख्य म्हणजे पाळी आणि सामाईक पेटी. ज्याची पाळी त्याने जायचे, इंधनाचा खर्च त्याला वेगळा द्यायचा, उरलेली कमाई पेटीत टाकून आठवड्याला सर्वांनी वाटून घ्यायची. गादा दिसो न दिसो, प्रत्येकाच्या घरी चूल पेटणार. तांडेलाच्या डोक्यावरची जोखीम अशी पंचवीसांत वाटली गेली.

हे ऐकायला सोपे आहे, पाळायला नाही. पहिल्याच हंगामात ज्याने नियम मोडला तो माझा सर्वांत लाडका कार्यकर्ता होता. होडी नवी, डोक्यावर कर्ज. दलालाने जादा पैशाचे आमिष दाखवले आणि तो पाळी नसताना सहा प्रवासी घेऊन गाद्यांच्या मागे धावला. सभेने त्याला पंधरा दिवस बसवले. दंडाचा कागद माझ्याच हाताने लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको कडेवर मूल घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "काका, तुमचे गादे आमचा हप्ता भरतील काय?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाद्यासाठी माणसाला उपाशी ठेवणे हा काही शेजारधर्म नव्हे. पुन्हा सभा झाली. दंड कायम राहिला. पण पेटीतून कर्जाच्या हप्त्यासाठी उचल देण्याचा नियम त्या दिवशी झाला, आणि पहिली उचल त्यालाच मिळाली. आज दलालांशी बोलणी करायला तोच पुढे असतो.

हा तिसरा हंगाम संपत आला आहे. काही सकाळी गादे पुन्हा खाडीच्या तोंडाशी दिसतात, काही सकाळी नाही. पण माझी खरी चिंता वेगळी आहे. आमच्या किनाऱ्यापासून दोन कोसांवर दुसऱ्या किनाऱ्यावर ती जुनी फळी अजून उभी आहे. तिथे तांडेल धावतो, कडे करतो, दहा हातांवरून दाखवतो. आमच्याकडे आलेली गिऱ्हाइके चौकशी करतात, "जवळून दाखवाल ना? हमी आहे ना?" आमचा मनुष्य खरे सांगतो आणि ती गाडी फिरवून तिकडे जातात. पंचवीस घरांनी चार रात्री जागून केलेला करार टिकणार की मोडणार, हे गावात ठरणार नाही. ते तुमच्या गाडीच्या वळण्यावर ठरणार आहे. म्हणून मी इतक्या लांब तुमच्यापर्यंत आलो.

तुम्हांला मी चारच गोष्टी मागतो. पहिली, हमी मागू नका. हमीची फळी असेल तिथून परत फिरा. दुसरी, तांडेलाला "जवळ घे, जवळ घे" म्हणू नका. उलट यंत्र बंद करायला सांगा. बंद यंत्राच्या होडीत गाद्याचा श्वास ऐकू येतो. तो एकदा ऐकलात म्हणजे फोटोची हळहळ राहणार नाही. तिसरी, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी हलू देऊ नका, आणि जादा माणसे भरलेल्या होडीत चढू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण मृत्युमुखी पडले. तीही मे महिन्यातली, तुमच्यासारखीच आनंदाने निघालेली माणसे होती. चौथी, गादा दिसला नाही तरी पूर्ण पैसे द्या, आणि हसून द्या. समुद्र, पहाट, किल्ल्याच्या भिंतीवर पडलेले ऊन, हे काही फुकट दिसलेले नाही. तांडेलाने तुम्हांला सुखरूप नेले-आणले आहे.

जाता जाता थोडे लांब पाण्यातले सांगतो. आपल्या किनाऱ्यासमोर केवळ गादेच नाहीत. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात निळ्या देवमाशांची नोंद झाली. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, आपल्या शंकराच्या देवळासमोर! अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांची एक निराळी वस्ती आहे. जगातले त्यांचे भाऊबंद ध्रुवाकडून उष्ण पाण्याकडे येरझारा घालतात. हे मात्र बारा महिने याच समुद्रात राहतात, आणि फार थोडे उरले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीवर उपग्रहाला खूण पाठवणारे यंत्र बसवले. ती २०१७ च्या अखेरीस अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, केरळाच्या बाजूला उतरली आणि पुढे ओमानला परतली. पूर्वी आपली गलबते ज्या वाटेने मस्कतला जात, ती वाट तिलाही पाठ होती.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचे एक पिल्लू येऊन पडले. गावकरी, वनखात्याची माणसे, तटरक्षक दल, सगळे धावले. ओल्या कापडाने त्याचे अंग झाकले, पाणी शिंपडले. दिवस-रात्र खटपट करून त्याला ओढून खोल पाण्यात सोडले. ते वाचले नाही. पण मला त्या वाळूत उभ्या राहिलेल्या लोकांचा अभिमान वाटतो. त्यांना कोणी रोज देत नव्हते, तिकीट नव्हते, हमी नव्हती. दारात आलेल्या संकटग्रस्ताला हात द्यावा, एवढेच त्यांना ठाऊक होते.

तो शेजारधर्म अडचणीच्या दिवशी आपल्याला जमतो. सुट्टीच्या दिवशीही तो जमावा, एवढेच मागणे आहे. पाहुणा दाराशी जातो, हाक देतो. घरच्यांनी दार उघडले तर दोन घटका बसतो, नाही उघडले तर राग न धरता परत येतो. समुद्रावर गेल्यावर आपण एवढे लक्षात ठेवले, तर तांडेलाचेही चालेल आणि गाद्याचेही.